गोपालची राख

उंद्री, ४ डिसेंबर २०२४

प्रेमानंद दादा,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं दादा. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आईच्या तेराव्याच्या मंडपात तू तुझ्या दलाची सभा घेतलीस, त्या दिवशीच ठरवलं होतं की या माणसाशी आता बोलणं नाही. पण काल तुझा रथ आमच्या गावात आला.

मी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत होते. भोंगा ऐकू आला, "गोपालची राख, वऱ्हाडाची हाक!" वाटलं, असेल कोणी गोपाल. दारात येऊन पाहते तर ट्रॅक्टरवर माझा नवरा. दहा फुटांचा.

तो फोटो चिखलीच्या स्टुडिओतला आहे. दीपमाला तेव्हा सहा महिन्यांची होती. तिच्या बाबांनी तिला दोन्ही हातांवर धरलं होतं, कारण मांडीवर ती रडायची. शेजारी मी होते. तुझ्या पोस्टरवर मी नाही, ते ठीक. दीपमाला पण नाही. ज्या हातांवर ती होती, त्याच हातांत बंदूक दिलीस. खांद्यावरचा पलटणीचा बिल्ला खोडून तुमचं निशाण लावलंस, काळ्या मातीच्या रंगावर पांढरं बोंड.

आधी तू वेगळं राज्य मागायचास. त्याला माझी ना नव्हती, अर्धं वऱ्हाड मागतं. आता तू राष्ट्र म्हणतोस. वेगळं निशाण, वेगळं गीत, वेगळे हुतात्मे. आणि हुतात्मा कोण, तर दीपमालाचे बाबा! वेगळा देश मागणाऱ्यांशी लढायला सरकारनं त्यांना शांतिसेनेत घालून समुद्रापार श्रीलंकेला धाडलं. तिथं ते गेले, ते तिरंग्यासाठी. त्याच माणसाला तू वेगळा देश मागायला ट्रॅक्टरवर उभं केलंस. तू पण त्याच पलटणीत होतास. तुला लाज कशी वाटली नाही?

ट्रॅक्टरवर पितळी कलश होता, फुलांनी झाकलेला. बाया पदर पुढे करून पाया पडत होत्या. मला कोणीतरी पुढे ढकललं, "वंदनाबाई, तुमचाच मान." मी हात लावला नाही.

कारण १९८८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या अस्थी तूच आणून दिल्या होत्यास. डालड्याच्या डब्यात, लाल कपडा बांधून. आपल्या आईनं माझा हात धरला होता आणि मी तो डबा पैनगंगेत रिकामा केला होता. तळाशी चिकटलेलं सुद्धा पाण्यानं विसळून सोडलं. मग या कलशात काय आहे?

पंधरा दिवस देते. फोटो उतरव, कलश परत घे. नाहीतर जिथं जिथं तुझा रथ जाईल, तिथं मागून मी येईन आणि डब्याची गोष्ट सांगेन.

वंदना

उंद्री, २२ डिसेंबर

दादा,

पत्राचं उत्तर पत्रानं दिलं असतंस तर बरं होतं. तू तीन गाड्या घेऊन स्वतः आलास. काय बोललास ते लिहून ठेवते. उद्या म्हणायला नको, की मी असं बोललोच नव्हतो.

तू दारात आलास आणि कुलदीप तुझ्या पाया पडला. मला वाटलं होतं, माझा नातू तुला पहिल्यांदा पाहतोय. तो तर म्हणाला, "आबा, बॅनर लावून झाले." दीपमालानं जालन्याहून पोराला माझ्याकडे कॉलेजसाठी ठेवलं. दोन वर्षं मी त्याला सकाळी डबा करून देते, आणि तो जातो तुझ्या कचेरीत.

तू खाटेवर बसलास, चहा घेतलास आणि सांगितलंस. सतरा जानेवारीला, ते गेले त्या तारखेला, बुलढाण्यात सभा. पाच पोरं आमरण उपोषणाला बसणार. यादीत पहिलं नाव कुलदीपचं. त्यांच्या कपाळी कलशातल्या राखेचा टिळा मी लावायचा.

मी म्हटलं, "आमरण म्हणजे काय होते, माहीत हाये ना तुले?"

तू म्हणालास, "वंदे, सरकार दोन दिवसांत नमते. काही होत नाई पोरायले."

"आन् नाई नमलं तं?"

तू उत्तराऐवजी मंडप कुठं घालणार ते सांगायला लागलास. मला तिथंच कळलं. तुला नवीन माणूस हवा आहे. जुन्याला जाऊन छत्तीस वर्षं झाली, त्याला पाहिलेली माणसं मरत चालली. हुतात्म्याचा नातू मिळाला तर तुझं दल आणखी चाळीस वर्षं चालेल.

मी उठून आत गेले. तू मागून स्वयंपाकघरात आलास. मी म्हटलं, "माईकवर सांगीन म्या. राख म्याच सोडली होती पैनगंगेत, सांगीन."

तू दार लोटून घेतलंस. आवाज वर केला नाहीस, तो तू कधीच करत नाहीस.

"सांग ना. पण मंग मलेही सांगा लागन, त्या डब्यात काय होतं."

मी घासायला घेतलेलं भांडं खाली ठेवलं.

"सुरुंगावर गाडी गेली होती, वंदे. गोपालचं काहीच सापडलं नाई. रिकाम्या हातानं कसा आलो असतो तुह्यापाशी? पलटणीच्या लंगरातल्या चुलीची राख होती ते. तू डबा छातीशी धरला, आईनं धरला, सारं गाव रडलं. तवा मले समजलं, मानसाले हातात काहीतरी लागते."

असं म्हणालास. शब्द न् शब्द असाच.

मी भांडी घासत राहिले. तू विचारलंस, "येशीन ना सतरा तारखेले?" मी हो म्हटलं.

तर मी येईन. पांढरं पातळ नेसेन, तुला तसंच हवं असेल. टिळा माझ्याच हातानं लावीन. भाषण लिहून पाठवू नकोस, मला बोलता येतं.

वंदना

उंद्री, १८ जानेवारी २०२५

दादा,

कसा आहेस? पहिली रात्र मंडपात थंडीची गेली असेल. बुलढाण्याचा वारा अंगात घुसतो.

हे पत्र तौसिफच्या हाती पाठवते. आमच्याच गावचा, तुझ्या मंडपाचे भोंगे त्याचेच आहेत. त्यानं काल माझा आवाज पार बसस्टँडपर्यंत पोचवला म्हणे. तू बोटानं माईक बंद करायची खूण केलीस, तेव्हा तो तिकडं पाहतच नव्हता. सांगत होता, "काकू, म्या मुद्दामच पाहिलं नाई."

तुझा चेहरा मात्र मी नीट पाहिला. पाच पोरं ओळीत बसलेली. कुलदीप पहिला, नवीन सदरा घातलेला. मी कलशात बोट बुडवलं. तुझे डोळे भरलेले, ते तुला हवे तेव्हा भरतात. मी कुलदीपच्या समोरून पुढे गेले आणि तुझ्या कपाळी टिळा लावला.

आणि बोलले, "दीपमालाचे बाबा म्हणत, जो पुढं चला म्हणते त्यानं पयले चालावं. पोट्टे मागून. गोपालचा खरा दोस्त कोन? माहा भाऊ. पयला मान त्याचा. हा बसन, आन् पोट्टे घरी जाऊन जेवतीन. उठन तं माह्याच हातचं पानी पिऊन उठन. हुतात्म्याच्या बायकोचा शब्द हाये."

ते असं कधीच म्हणाले नव्हते. तू त्यांच्या हातात बंदूक दिलीस, मी त्यांच्या तोंडात एक वाक्य दिलं.

लोक कसे उठले रे! टोप्या उडाल्या. तुझ्याच माणसांनी तुला उचलून गादीवर बसवलं, हार घातले. तू माझ्या कानाशी म्हणालास, "वंदे, काय केलं हे तू?" मी हात जोडले. फोटोत ते नमस्कार केल्यासारखं दिसतं.

त्रेसष्ट वर्षांचा आहेस. साखरेचा आजार आहे. ते मला ठाऊक होतं, लपवत नाही. ठाऊक असूनच बोलले.

कुलदीप घरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण घरी आहे.

वंदना

उंद्री, २१ जानेवारी

दादा,

आज पाचवा दिवस. तुझा निरोप मिळाला, दोन ओळींचा. वंदे, ये, लिंबूपाणी घेऊन ये, असा. इतका लवकर?

सरकार दोन दिवसांत नमतं म्हणाला होतास. तहसीलदार येऊन गेले, डॉक्टर येऊन गेले, आणि कोणी नमलं नाही असं पेपरात आहे. मग पोरांचं काय झालं असतं रे?

आज ट्रंक उघडली. १९८७ च्या डिसेंबरातलं त्यांचं शेवटचं पत्र काढलं. तुला कधी दाखवलं नव्हतं. त्यातला तुझ्यापुरता मजकूर उतरून देते.

"इथं चौकाचौकात बंडखोरांच्या मेलेल्या पोट्ट्यांचे फोटो लावले आहेत. फुलं, दिवे, निशाण. आयांना खुर्च्यांवर पुढं बसवतात. एक पोरगा उपाशी राहून मेला, त्याचं प्रेत गावोगाव फिरवलं म्हणतात. त्या बाया पाहून मला दीपमाला आठवते. आपल्या प्रेमानंदाचं मात्र वेगळंच आहे. तो रसदीची गाडी थांबवून पाहत राहतो. वहीत लिहून घेतो, दिवा कुठं ठेवला, आई कुठं बसवली. मी म्हटलं, हे काऊन लिहितोस? तर म्हणे, गोपाल, यांच्यापाशी बंदुका कमी आहेत, पण मेलेले माणसं लय कामाचे आहेत."

हे त्यांनी हसत लिहिलं होतं. पुढं लिहिलं की प्रेमानंद हुशार आहे, नाव काढेल.

म्हणजे तू शत्रूकडूनच शिकून आलास. त्यांचाच दिवा, त्यांचीच खुर्ची, त्यांचंच उपोषण. फक्त मेलेला माणूस तुझ्यापाशी नव्हता, तो माझ्या घरातून नेलास. मला खुर्चीवर बसवायचं बाकी होतं, तेही झालं.

माझी अट ऐक. माईक हातात घे आणि सांग, कलशातली राख गोपालची नाही, आणि १९८८ ची पण नव्हती. सांगितलंस की अर्ध्या तासात मी लिंबूपाणी घेऊन येते. नाही सांगितलंस तर पडून राहा. तुझ्या मागं त्यांचा फोटो लावला आहे. डोळे उघडले की दिसेल.

मला इथं बरं वाटतं आहे, खोटं कशाला बोलू. गावातून जाते तर बाया बाजूला होऊन वाट देतात. काल वडनेर भोलजीहून माझ्या माहेरची माणसं आली, मला हार घालून गेली. मी घालून घेतला.

वंदना

उंद्री, २४ जानेवारी, सकाळ

दादा,

हे पत्र घाईत आहे. अट मागं घेते.

कुलदीप तीन दिवसांपासून कॉलेजला जातो म्हणून डबा घेऊन जात होता. काल गोठ्यात गेले तर गव्हाणीत पोळ्या. त्या दिवशीच्या, आदल्या दिवशीच्या, त्याच्याही आधीच्या. घरात माझ्यासमोर ताटावर बसायचा, आणि मी पाणी आणायला उठले की ताट बकरीपुढं. अठरा तारखेपासून त्यानं काही खाल्लं नाही. रागावून बोलत नाही असं मला वाटत होतं. त्याला बोलायचं त्राणच नव्हतं.

मी त्याला धरून हलवलं. तो म्हणाला, "आजी, तूच तं बोलली ना. जो पुढं चला म्हणते त्यानं पयले चालावं. आबा चालले. आता पाठी मी नाई चाललो तं गोपालआबाचा नातू कायचा?"

ते वाक्य माझं होतं. तुझ्यासाठी रचलं होतं.

संध्याकाळी मी शेजारी गेले तेवढ्यात तो निघून गेला. तौसिफचा फोन आला, "काकू, तुमचा नातू मंडपात येऊन आबांच्या पायापाशी बसला. पाणी पण घेत नाई." दीपमाला रातोरात जालन्याहून आली. चप्पल न काढता घरात शिरली. इतक्या वर्षांत तिनं मला कधी उलटून उत्तर दिलं नाही. काल म्हणाली, "आई, मामाले मारासाठी तू माह्या पोराचा जीव घेऊन राह्यली."

मी तिला तुझी सगळी पापं सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं नाही. "मले काही नको सांगू. मामा जेवला तं पोट्टं जेवन. जाय आन् पाज त्याले."

आजच दुपारी येते, हे पत्र पहिल्या एसटीनं पुढं पाठवते. प्यायचं नाकारू नकोस. जास्त दिवस टिकून मोठा व्हायचा विचार तुझ्या डोक्यात येईल, मी ओळखते तुला. आलाच तर कुलदीपकडे बघ. आपल्या रक्ताचा तेवढाच एक आहे.

वंदना

उंद्री, २ फेब्रुवारी

दादा,

दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं. पेपरात आपला फोटो आला, बहिणीचा पेला आणि भावाचे जोडलेले हात. खाली लिहिलं आहे, गहिवरलेली वीरपत्नी. मी गहिवरले नव्हते. पेला तुझ्या ओठाशी नेऊन तुझ्या कानात म्हणत होते, "कुलदीपले सांग, मंगच पाजते."

तू सांगितलंस, ते कबूल करते. तुझा आवाज बसला होता, पण त्याचा हात धरून सांगितलंस, "बाप्पा, राख गोपालची नाई." आणि लंगराचं पण सांगितलंस. माईक दूर होता. लोकांना वाटलं आजा नातवाला आशीर्वाद देतो आहे. लोक रडले. मग तू प्यायलास, कुलदीप प्यायला, आणि तुला गाडीत घालून नेलं. त्यानंतर जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

मला वाटलं, झालं. पोराचे डोळे उघडले. एसटीत त्याला खिडकीशी बसवलं, दीपमाला पलीकडे बसली. चिखलीपर्यंत तो बाहेर पाहत होता. मी म्हटलं, "ऐकलं ना आबानं काय सांगतलं ते?"

तो म्हणाला, "मले माहीत होतं, आजी. कलश म्याच भरला."

"कायनं?"

"आपल्या चुलीतल्या राखेनं. तू अंगणवाडीत गेलती. आबा म्हणे, घरचीच आण, दुसऱ्याची कायले."

दीपमालानं तोंडावर पदर धरला. मी विचारलं, "मंग खोटं हाये हे माहीत असून तू उपाशी बसला?"

तो माझ्याकडे असा वळला जसा मी त्याला काही साधं विचारलं. "राख कोनाची हाये यानं काय होते? लोक रडले ते तं खरं होतं ना. तू डबा घेऊन रडली होती, ते खोटं होतं का?"

दादा, राख खोटी आहे, हे जे उत्तर मी दोन महिने तुझ्या तोंडावर मारायला जपलं होतं, ते त्या पोरानं एसटीत माझ्या हातातून काढून घेतलं. त्याच्यापुढं उघडं करायला माझ्यापाशी काही नव्हतं. तू त्याला फसवलं असतंस तर मी त्याला सोडवून आणला असता. पण तू त्याला फसवलंच नाहीस. तू त्याला शिकवलंस.

दीपमाला त्याला जालन्याला घेऊन गेली. त्याच्या पिशवीत तुमच्या दलाचं निशाण होतं. तिनं ते काढलं, तर तो हसला आणि म्हणाला, "नवीन भेटते." तो परत येईल. तुझ्याकडे येईल, माझ्याकडे नाही.

तुझा माणूस परवा येऊन गेला. तू निवडणुकीला उभा राहणार, मी प्रचाराला यावं, गावोगाव माझ्यासाठी खुर्ची ठेवतील. त्याला मी चहा दिला नाही. त्याला सांगितलं ते तुलाही सांगते. मी येणार नाही. तुझी माणसं फोटो घेऊन उंद्रीत आली तर मी त्यांच्या अंगावर शेणाची बादली ओतीन, आणि माझं वय पाहून कोणी माझ्यावर हात उचलणार नाही. तू जगलास याचा मला आनंद नाही. पाचव्या दिवशी तू मेला असतास तर मी रडले असते, पण उठले असते आणि स्वयंपाकाला लागले असते. हे तुला कळलेलं बरं.

मात्र मी काय झाले होते, तेही मला दिसलं. चार दिवस माझ्या गळ्यात हार होते आणि मी पण त्यांना मेल्यानंतर बोलायला लावलं होतं. माझं वाक्य आता तुमच्या भिंतींवर रंगवलं आहे म्हणे, खाली त्यांचं नाव घालून. ते पुसता येणार नाही.

आता एकच मागते. माफी नको, ती तू फार छान मागतोस. तू त्या सकाळी रसदीच्या दुसऱ्या गाडीवर होतास. सुरुंग कुठं होता, तो रस्ता कोणता, गावाचं नाव काय, बाजूला झाडं होती की शेत, एवढं लिहून पाठव. पलटणीनं मला फक्त तारीख कळवली होती. मी पण कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं ते पैनगंगेत आहेत.

एका ओळीत लिही. भाषण करू नकोस. नाही लिहिलंस तर येत्या सतरा जानेवारीला मी बुलढाण्यात येईन, माईक मागीन, आणि मला कोणी नाही म्हणणार नाही, तशी सोय तूच करून ठेवली आहेस.

त्यांचं काही उरलं नाही, हे मला कळलं. कुठं उरलं नाही, तेवढं सांग.

वंदना